दोन टिचक्या

१

काकांचं सगळं आयुष्य फोन उचलण्यात गेलं. टेलिफोनच्या कचेरीत ते ऑपरेटर होते. समोरच्या फळीवर दिवा लागला की वायर खुपसायची आणि "हॅलो" म्हणायचं, हे काम त्यांनी मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत केलं. निवृत्त झाल्यावर फळी गेली, दिवे गेले, हॅलो तेवढा अंगात मुरून राहिला. कुकरची शिट्टी झाली तरी हे आधी हॅलो म्हणतात आणि मग गॅस बंद करतात, अशी काकूंची तक्रार होती, आणि तिला त्यांनी फारसं तिखटमीठ लावलेलं नव्हतं. कुणी दार वाजवलं आणि काका उठून बघायला गेले नाहीत, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

काकू कपडे शिवत. अर्ध्या गावाचे कपडे त्यांच्या मशीनखालून गेले होते आणि त्यापायी बोटांचे सांधे आता कुरकुरत. लेकीचं लग्न झालं, मशीन भाचीला देऊन टाकलं, आणि त्याच सुमारास काकांनी कुणालाही न विचारता एक जुनी पावाची गाडी आणून दारात उभी केली. काकूंनी कपाळाला हात लावला. मग दोघांनी मिळून त्या गाडीचं घर केलं. मागे पलंग, मध्ये घडीचं टेबल, एका अंगाला शेगडी आणि छोटी मोरी, छताला वर उचलायची झडप, आणि बाजूला गाडीचा मूळचाच सरकता दरवाजा. पडदे अर्थातच काकूंचे. गाडीतला पावाचा वास काही केल्या जाईना, तेव्हा दोघांनी तो आवडून घेतला. गाडीचं नाव डबा.

डबा घेऊन समुद्राच्या कडेकडेनं जायचं, जिथं ताजं मिळेल तिथं थांबायचं आणि पोटभर खायचं, एवढाच बेत होता. लेकीनं पुष्कळ विरोध केला. गेल्या वर्षी काकांच्या छातीत दुखलं होतं, डॉक्टरांनी आत एक जाळी बसवली होती, आणि अशा माणसाला घेऊन आडरानात काय फिरायचं, असं तिचं म्हणणं. तिचं चुकत नव्हतं. दवाखान्याच्या त्या दिवसांत काका फारसं बोलत नव्हते, आणि काकूंना आयुष्यात सगळ्यात जास्त भीती वाटली ती तेव्हा. त्यांची बडबड परत सुरू झाली तसा काकूंचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून त्या त्यांना तोंडानं गप्प बसा म्हणत, पण ते खरंच गप्प बसले की हातातलं काम टाकून बघायला येत.

त्या दिवशी रस्त्याच्या एका वळणावर पत्र्याची शेड दिसली. शेडमध्ये एक बाई नुकत्याच उकरून आणलेल्या शिंपल्या विकत बसली होती. टोपलीखालून अजून पाणी ठिबकत होतं. काकूंनी टोपलीत हात घातला, दोन शिंपल्या एकमेकींवर वाजवून पाहिल्या आणि पिशवी भरून घेतल्या. बाईला आनंद झाला. एवढ्या प्रेमानं शिंपल्या निवडणारं गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणाली. काकांनी तिची सगळी चौकशी केली, तिच्या सासूच्या गुडघ्यांपर्यंत पोचले, तेव्हा कुठं काकूंनी त्यांना दंडाला धरून ओढलं.

थोडं पुढं गेल्यावर रस्त्याखाली ओली, टणक वाळू लांबवर पसरलेली होती. पलंगावरून समुद्र दिसेल अशा बेतानं काकांनी डबा तिथं उतरवला.

शिंपल्या करण्याची काकूंची एक रीत होती आणि तिच्यात त्या कुणालाही लुडबूड करू देत नसत. शिंपल्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत घालायच्या. वरून फडकं टाकून अंधार करायचा. आवाज करायचा नाही, बादली हलवायची नाही. मग त्यांना वाटतं आपण समुद्रातच आहोत, त्या निवांत तोंड उघडतात आणि पोटातली वाळू बाहेर टाकतात. वाळू टाकून झाली की एकेक हातात घ्यायची. जी उघडी असेल तिला नखानं टिचकी मारायची. जिवंत असेल तर ती झटकन मिटते. मिटली की पातेल्यात. नाही मिटली तर काकू दुसरी टिचकी मारत, उगाच कुणावर अन्याय नको म्हणून, आणि जरा थांबत. तरीही हालचाल नाही झाली तर ती मेलेली. मग न बघता, खांद्यावरून मागं फेकून देत.

काका दारात बसून हे कौतुकानं बघत होते. "त्या बिचारीनं दार लावलं म्हणजे तिला कुणी भेटायला नको आहे," ते म्हणाले. "आणि तू नेमकी तिलाच उचलतेस."

"आणि जी दार लावत नाही तिला मी सोडून देते," काकू म्हणाल्या. "मग झालं तर."

लसूण, मीठ आणि मिरी, एवढ्यावरच शिंपल्या शिजल्या. पातेल्याचं झाकण काढलं तेव्हा डबाभर समुद्राचा वास झाला आणि पावाचा वास पहिल्यांदाच मागं हटला. काकूंच्या बोटांना शिंपल्या उकलणं जमत नसे, म्हणून काका एकेक सोडवून आधी त्यांच्या ताटात ठेवत होते आणि मग स्वतः खात होते. पाव तोडून रश्श्यात बुडवत होते, बोटं चाटत होते, आणि तोंड भरलेलं असतानाही बोलत होते. काकूंना वाटलं, आता याहून जास्त काही मागणं म्हणजे हावरटपणा होईल.

२

जेवण अर्ध्यावर आलं होतं आणि बाहेर अजून उजेड होता, तेव्हा पत्र्यावर आवाज आला. दरवाजाजवळ, बाहेरच्या बाजूनं. टिक्. जरा थांबून पुन्हा टिक्.

"हॅलो," काका म्हणाले आणि उठले.

त्यांनी दारातून डोकं बाहेर काढलं. मग खाली उतरून डब्याला एक फेरी मारून आले. कुणी नव्हतं. वाळूवर त्या दोघांच्या पावलांखेरीज कसलीच खूण नव्हती, आणि समुद्र तर पार लांब गेला होता. दिवसभर तापलेला पत्रा निवतो तेव्हा असा वाजतो, काकांनी सांगितलं. काकूंना ते पटलं. नवऱ्याचं एखादं म्हणणं एका फटक्यात पटावं असे प्रसंग कमीच, पण हे पटलं.

तेवढ्यात वारा सुटला. काकूंचे कान वाऱ्यानं लगेच दुखायला लागतात, म्हणून काकांनी दरवाजा सरकवून लावून घेतला. खट्कन कडी बसली. त्यासरशी बाहेरचं सगळं शांत झालं. दरवाजा लावला की आवाज कमी होतो हे काकूंना कळत होतं, पण ही शांतता त्याहून थोडी जास्त होती. बाहेर कुणीतरी कान देऊन थांबलं आहे असं उगाच त्यांच्या मनात आलं.

आणि काकांनी बसता बसता आतून बोटाच्या पेरानं पत्र्यावर दोनदा वाजवलं. टिक्. टिक्.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"अगं, कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नको? लाइन तशीच लोंबकळत ठेवायची?"

काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर त्यांना वाटलं की बाहेर जे कुणी थांबलं होतं त्याचं आता समाधान झालं आहे. असं वाटण्याला काडीचाही आधार नव्हता. त्यांनी ताटं उचलली, शिंपल्यांची टरफलं पिशवीत भरली, आणि दुसऱ्या दिवशीसाठी राखलेल्या शिंपल्या ताज्या पाण्यात घालून बादली फडक्याखाली झाकून टेबलाखाली सरकवली.

३

सकाळी काकांनी दरवाजा उघडला आणि ते चक्क गप्प झाले. म्हणून काकू धावत आल्या.

डब्याभोवती पाणी होतं. समुद्र आला असता तर समजण्यासारखं होतं, पण समुद्र काल होता तितकाच लांब होता. मध्ये सगळी वाळू कोरडी. फक्त डब्याच्या चारी बाजूंनी घोट्याएवढं पाणी साचलं होतं, गोल, हललं तरी लाट न उठणारं. चाकं वाळूत अर्धी रुतली होती. काकांनी विजार वर सरकवली, खाली उतरून बोट बुडवलं आणि चाटलं. खारट, म्हणाले.

खालून झरा फुटला असेल, असं काकूंनी सुचवलं. खारा झरा कुठला, काका म्हणाले. भरतीचं पाणी वाळूखालून झिरपून वर येत असेल. दोघांनाही दुसऱ्याचं कारण आपल्या कारणापेक्षा बरं वाटलं, म्हणून वाद झाला नाही. काकांनी गाडी चालू करून पाहिली, चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी खाली गेली. मग त्यांनी शेडमधल्या बाईनं दिलेल्या नंबरावर फोन लावला. तो तिथल्या ट्रॅक्टरवाल्याचा होता. होड्या ओढून झाल्या की दुपारी येतो, म्हणाला. काकांनी त्याचीही विचारपूस केली. नंतर लेकीचा फोन आला तेव्हा आपण सध्या एका बेटाचे मालक आहोत, असं तिला ऐटीत सांगितलं.

तेवढ्यात धुकं उतरलं. समुद्रावरून सरकत येणारं धुकं काकूंनी बघितलं होतं. हे तसं आलं नाही. हे वरून आलं, डब्यावर आणि पाण्याच्या त्या गोलावर अलगद पसरलं, आणि चारी बाजूंनी खाली लोंबलं. पाचेक पावलांवरचा रस्त्याचा बांध दिसेनासा झाला. आवाजही थांबले. डब्यात अंधारून आलं म्हणून काकांनी दिवा लावला.

काकूंनी झाडू घेतला. समुद्रकाठी राहायचं तर डब्यात वाळू येणारच, पण आज ती संपतच नव्हती. चादर झटकली की वाळू, पायपुसणं उचललं की वाळू, फळीच्या कोपऱ्यातून वाळू, आणि सारखी जीभही कचकचत होती. काकू झाडून झाडून ती दरवाजातून बाहेर लोटत होत्या. काकांनीही चपला झटकल्या, खिसे उलटे केले, कानात बोट घालून वाळू काढली, आणि आपण एवढी वाळू कुठून आणली याचं त्यांना नवल वाटलं. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. अंग हलकं, डोकं निवांत, कसलीच घाई नाही. असं निवांत काकूंना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दारातून खाली पाहिलं तर पायरीपाशी पाण्यात वाळूचा लहानसा ढीग झाला होता.

काकूंच्या हातातला झाडू थांबला. त्या वाकल्या, टेबलाखालची बादली पुढं ओढली आणि फडक्याचं टोक उचललं. आत शिंपल्या निवांत उघड्या पडल्या होत्या, आणि बादलीच्या तळाशी वाळू साचली होती. काकूंनी फडकं होतं तसं हळूच परत ठेवलं. मग त्या पलंगावर बसल्या आणि खिडकीबाहेरच्या पांढऱ्या धुक्याकडे बघत राहिल्या.

मनात आलेली गोष्ट वेडगळ होती. सांगितली तर काका हसतील, लेकीला फोन करून सांगतील, पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात तिचा किस्सा होईल. काकूंनी ती झटकून टाकली आणि चहा ठेवला.

४

चहा गाळत असताना खिडकीच्या चौकटीवर टिचकी वाजली. टिक्. खिडकी उघडी होती. काकांनी हॅलो म्हणून हात लांब केला आणि ती लावून घेतली. बाहेर शांत झालं.

थोड्या वेळानं वर छतावर वाजलं. झडप उघडी होती. काका पलंगावर चढले आणि झडप ओढून बंद केली. पुन्हा शांत. मग पुढच्या काचेपाशी वाजलं, काच बोटभर खाली होती, ती काकांनी वर केली. प्रत्येक वेळी टिचकी उघड्या जागेपाशीच येत होती, आणि ती जागा मिटली की थांबत होती. काकूंच्या हातातला चहा तसाच निवत होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "दार लावू नका."

"गारवा येतोय. तुझे कान..."

"कान गेले खड्ड्यात. इथं बसा आधी."

काका बसले. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. खालचं खारं पाणी, वरचं धुकं, सकाळपासून टाकलेली वाळू. सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, म्हणून त्या काकांकडे न बघता बादलीकडे बघत बोलत होत्या. काकांच्या हसण्याची त्या वाट बघत होत्या. ते हसले असते तर बरं झालं असतं.

काका हसले नाहीत. "टिचकी मारून झाली," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "की तू पुढं काय करतेस?"

दोघांनाही ते माहीत होतं. काका उठून पायरीवर गेले, वाकून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. परत आले तेव्हा त्यांनी हात काकूंच्या हातात दिला. तो ओला होता आणि कोमट होता. सकाळी पाणी कसं होतं, काकूंनी विचारलं. बर्फ, काका म्हणाले.

उतरून पळावं, असं दोघांच्याही मनात एकदमच आलं. पण काका पाण्यात पाय टाकणार इतक्यात काकूंनी त्यांचा सदरा पकडला. बादलीतून एखादी शिंपली उडी मारून पळायला लागली तर आपण काय करू, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती पहिली पातेल्यात गेली असती. त्यांनी काकांना आत ओढून घेतलं.

"आपण मिटलो म्हणून आपण जिवंत आहोत हे कळलं," काकू म्हणाल्या. "आता मिटायचं नाही. सगळं उघडं टाकायचं आणि काहीही झालं तरी हलायचं नाही."

"कितीही वाजलं तरी?"

"कितीही."

"मला जमेल का गं?" काकांनी विचारलं. इतकी वर्षं संसार झाला, पण हा आवाज काकूंनी एकदाच ऐकला होता, दवाखान्यात, आत नेण्यापूर्वी. तेव्हा त्यांनी खोटंच सांगितलं होतं की जमेल. आताही त्यांनी तेच सांगितलं.

५

दोघांनी मिळून डबा उघडला. झडप वर केली, खिडक्या सरकवल्या, पुढच्या काचा खाली घेतल्या, आणि दरवाजा पार शेवटपर्यंत मागं ढकलला. धुकं आत आलं. काकांनी तेवढ्यातही काकूंची ओढणी घेऊन त्यांच्या कानांवरून बांधली, गाठ हनुवटीखाली मारली, आणि नीट बसली का बघितलं. मग दोघं पलंगाच्या कडेला दरवाजाकडे तोंड करून बसले. काकूंनी काकांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हॅलो म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मनातल्या मनात?"

"मनातही नाही."

वाट बघणं लांबत गेलं. पायाखालून, फळीतून, ऊब वर येत होती. थंडीच्या दिवसांत हवीहवीशी वाटावी अशी ती ऊब होती. काकूंना झोप येऊ लागली. त्यांनी जीभ दातांखाली धरली.

टिक्.

दरवाजाच्या चौकटीवर, अगदी जवळ. टेबलाखालच्या बादलीत एकदम खडखड झाली. शिंपल्यांनी सगळ्यांनी मिळून आपापली दारं लावली. काकांचं सगळं अंग पुढं झेपावलं. काकूंना ते हातातून कळलं. उठायला निघालेलं शरीर, दरवाजाकडे निघालेला दंड, घशापर्यंत आलेला शब्द. त्यांनी नखं रुतवली. काका बसून राहिले.

दरवाजातला पांढरा उजेड कमी झाला. धुक्यात काहीतरी पुढं आलं होतं, दरवाजापेक्षा रुंद, म्हणून त्याची कड कुठं दिसत नव्हती. दिसत होता तो भाग किंचित फुगीर होता, ओलसर होता, आणि त्याच्यावर बारीक वळणं घेत गेलेल्या रेषा होत्या. अशा रेषा काकूंनी आयुष्यभर सुईच्या टोकापलीकडे, आपल्याच बोटावर पाहिल्या होत्या. त्या ओळखू नयेत म्हणून त्यांनी नजर सैल सोडली, पण डोळे मिटले नाहीत. मिटायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. ते मागं सरलं आणि उजेड परत आला.

टिक्.

दुसरी टिचकी डब्याला बसली, पण लागली छातीत. आणि मग बाहेर जे होतं ते वाट बघत थांबलं.

ते थांबणं काकूंना ओळखीचं होतं. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. उगाच कुणावर अन्याय नको, म्हणून थांबावं तसं ते थांबलं होतं. मायाच होती ती, दुसरं काय म्हणणार? इतक्या मायेनं आपल्याला कुणी हातात धरलं नसेल, असं क्षणभर काकूंना वाटलं, आणि उठून जावं, आम्ही आहोत म्हणून सांगावं, अशी अनावर ओढ त्यांच्याच पायांत आली. त्यांना काकांची काळजी होती, आणि उठायला आता त्याच निघाल्या होत्या. तेव्हा काकांच्या हातानं त्यांना दाबून बसवलं.

मग पायाखालची फळी कलली. बादली घरंगळली, कपाटातली भांडी कोसळली, झडपेतून आभाळ गरकन फिरलं. न बघता कुणीतरी त्यांना मागं फेकून दिलं.

६

डबा गवतावर उभा होता, चारही चाकांवर. ऊन पडलं होतं. खाली लांबवर वाळू कोरडी दिसत होती, आणि तिच्यावर धुक्याचा एक पुंजका सावकाश पाण्याकडे निघाला होता. मध्ये एकही चाकाची खूण नव्हती. बादली दाराशी कलंडून पडली होती. फडकं होतं, थोडं पाणी होतं, तळाची वाळू होती. शिंपली एकही नव्हती.

काकू हलल्या नाहीत. काकाही हलले नाहीत. हात अजून हातात होता, पण तो आता पकडत नव्हता, नुसता होता. काकूंना मान वळवून बघायचा धीर होईना. काका आयुष्यात कधी इतका वेळ गप्प बसले नव्हते. इतकं चांगलं त्यांना जमलंच कसं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. ती छाती, ती जाळी. न हलण्याचं नाटक आपण दोघांनी सुरू केलं होतं. ते करणारे आपण अजूनही दोघं आहोत का, हे विचारायची त्यांची हिंमत नव्हती. बाहेर एक भुंगा आला, दारात घोटाळला आणि निघून गेला. काकू समोर बघत बसून राहिल्या, कारण जोवर बघितलं नाही तोवर काही झालेलं नव्हतं.

"झालं का?" शेजारून अगदी बारीक आवाज आला. "बोललं तर चालेल का आता?"

काकूंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्या मोठ्यानं रडल्या. काका बिचारे घाबरून पुन्हा गप्प झाले.

ट्रॅक्टरवाला आला तेव्हा गवतावर सुखरूप उभी असलेली गाडी बघून चिडला. मग ओढायचं काय, म्हणाला. काकांनी त्याला काय सांगितलं ते काकूंना ऐकू आलं नाही, पण तो त्यांचा हात हातात घेऊन हसत परत गेला. काका गाडीत येऊन बसले. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. रस्ता समुद्र सोडून आत वळला तसे ते बोलायला लागले. जावयाची नोकरी, कचेरीतला साहेब, ऑपरेटरांच्या परीक्षेत आपण कसे पहिले आलो, एका लग्नात नवरदेवाचा जोडा कसा हरवला. काकूंना सगळं पाठ होतं. त्या हं म्हणत होत्या. समुद्राबद्दल काकांनी फक्त एकच वाक्य मध्ये घातलं, समोर बघत, जावयाच्या पगारानंतर.

"मला म्हणायचं होतं गं हॅलो. इतकं कुणी प्रेमानं विचारल्यावर."

मग जोड्याच्या गोष्टीत मध्येच ते थांबले. रस्ता सरळ होता, गाडीचा आवाज एकसारखा होता, आणि काका समोर बघत होते. एक झाड गेलं, आणखी एक गेलं. काकूंनी त्यांच्या छातीकडे बघितलं. सदरा हलतो आहे की गाडी हलते आहे, हे कळत नव्हतं.

"पुढं?" काकू म्हणाल्या. "जोडा सापडला का मग? अहो, थांबू नका. बोला."